खंदकाचं नाव अख्ख्या बेटाला : क्रीट, कान्दिया आणि परत क्रीट

सागरगोटा

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं क्रीटला जाऊन आलो. ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, लांबी साधारण २६० किलोमीटर. समुद्र, जेवण, फोटो यावर भरपूर लिहिलं गेलंय, मला एका वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय जी परत आल्यापासून डोक्यातून जातच नाहीये.

तिथलं मोठं शहर इराक्लिओ, आपण नकाशात हेराक्लिऑन वाचतो ते. जुन्या बाजारातल्या एका दुकानात १७व्या शतकातल्या एका डच नकाशाची छापील प्रत लटकवली होती. बेट बरोबर क्रीटच्याच आकाराचं, लांबट, मधे डोंगरांची रांग, खाली गलबतं. पण वर नक्षीदार चौकटीत लॅटिनमधे लिहिलेलं, कान्दिया, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात, पूर्वीचं क्रीट. माझी मुलगी म्हणाली बाबा पूर्वीचं कसं, हे तर आत्ता क्रीट आहे. मी गप्पच झालो कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री हॉटेलवर शोधायला बसलो आणि दोन वाजले.

तर कान्दिया हे नाव आलंय अरबी 'खंदक' वरून. हो, आपला किल्ल्याभोवतीचा खंदक, तोच शब्द!

झालं असं. इ.स. ८१८ मधे स्पेनमधल्या कोर्दोबा शहराच्या एका उपनगरात तिथल्या अमीराविरुद्ध मोठा उठाव झाला, तो चिरडला गेला आणि हजारो कुटुंबांना देशोधडीला लावलं. त्यातले बरेच फिरत फिरत इजिप्तमधे अलेक्झांड्रियाला पोचले, काही वर्षं ते शहरच त्यांच्या ताब्यात होतं, मग तिथूनही हुसकावले गेले. शेवटी ८२०च्या दशकात अबू हफ्स नावाच्या म्होरक्याच्या मागे जहाजं भरून हे लोक क्रीटला उतरले. क्रीट तेव्हा बायझंटाइन साम्राज्यात. यांनी उत्तर किनाऱ्यावर तळ ठोकला, भोवती खंदक खणला आणि गावाला नाव दिलं रबद अल-खंदक. बेटाला मात्र ते अरबीत इक्रितिश म्हणायचे, म्हणजे क्रीटच, फक्त अरबी तोंडातून. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ग्रीक लोकांनी खंदकचं केलं खान्दाक्स. ९६१ च्या मार्चमधे बायझंटाइन सेनापती निकिफोरस फोकास याने कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर जिंकलं. त्याला ही जागाच नको होती, त्याने आत डोंगरावर तेमेनोस नावाचा नवा किल्ला बांधला आणि वस्ती तिकडे हलवायचा घाट घातला. लोक गेले नाहीत. बंदर सोडून डोंगरावर कोण जाईल? शहर तिथेच राहिलं आणि शत्रूने दिलेलं नावही तसंच राहिलं.

मग १२०४. चौथ्या धर्मयुद्धात कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं, साम्राज्याच्या वाटण्या झाल्या, क्रीट गेलं बोनिफेस नावाच्या इटालियन सरदाराकडे आणि त्याने ते व्हेनिसला १००० मार्क चांदीला विकून टाकलं. आख्खं बेट! व्हेनिसवाल्यांच्या तोंडात खान्दाक्सचं झालं कान्दिया. राजधानीचं नाव कान्दिया, अधिकारी कान्दियाचा ड्यूक, आणि कागदोपत्री बेटालाही कान्दियाच म्हणायला लागले. साडेचारशे वर्षं. निर्वासितांनी जीव वाचवायला खणलेल्या एका चराचं नाव असं आख्ख्या बेटाला चिकटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तटाबाहेर गेलो आणि खंदकात उतरलो. आता पाणी नाही, कोरडा आहे. आत वाळलेलं गवत, एका बाजूला मैदानावर पोरं फुटबॉल खेळत होती, तटाच्या दगडांच्या फटीतून झुडपं उगवलेली. माती हातात घेतली, पिवळट आणि भुसभुशीत. हे सगळं नाव याच्यातून निघालंय असं वाटून अंगावर काटा आला. बायको म्हणाली चला आता, उन्हं वाढली.

इथे भाषेतले जाणकार आहेत म्हणून विचारतो, मराठीत हा शब्द कुठून आला? आणि क्रीट हे मूळ नाव किती जुनं?

---

भुईकोट

धागा आवडला. आधी एक दुरुस्ती, राग मानू नका. तुम्ही उतरलात तो खंदक अरबांचा नाही. आज जो तट आणि खंदक दिसतो तो व्हेनिसच्या काळातला, तोफा आल्यावर १५व्या-१६व्या शतकात बांधलेला. मिकेले सानमिकेली नावाचा मोठा दुर्गस्थपती १५३८ मधे तिथे आला होता, त्याच्या आराखड्याचा त्या तटावर मोठा ठसा आहे. अरबांचं गाव याच्या आतल्या भागात, बंदराजवळ होतं, पुष्कळ लहान.

वेढ्याबद्दल तुम्ही लिहिलंच नाही, म्हणून मी लिहितो. १६४५ मधे तुर्क बेटावर उतरले आणि १६४८ मधे कान्दियाला वेढा घातला. शहर पडलं १६६९ च्या सप्टेंबरात. २१ वर्षं! आपल्याकडचा हिशोब लावून बघा, अफझलखान १६५९, सुरत १६६४, आग्रा १६६६, हे सगळं त्या एका वेढ्याच्या पोटात येतं. चाकणचा संग्रामदुर्ग, चारी बाजूंनी खंदक, फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मधे शायिस्ताखानाच्या फौजेपुढे पन्नासहून जास्त दिवस लढवला, त्याचं आपल्याला केवढं कौतुक आणि ते रास्तच आहे. तिथे माणसं २१ वर्षं एकमेकांच्या खाली सुरुंग खणत होती, तट उडवायला एकाने भुयार काढायचं, ते हुडकायला दुसऱ्याने उलटं काढायचं. ज्या गावाचं नावच खंदक त्याचं सगळं युद्ध जमिनीखाली झालं.

शहर स्वाधीन करणारा सेनापती फ्रान्चेस्को मोरोसिनी. याच माणसाच्या तोफांनी १६८७ मधे अथेन्सचं पार्थेनॉन उडवलं. इराक्लिओच्या चौकात सिंहांचं जे मोरोसिनी कारंजं आहे ते मात्र याचं नाही, ते १६२८ चं, त्याच नावाच्या आधीच्या अधिकाऱ्याचं. गाइड लोक सर्रास घोळ घालतात.

---

सागरगोटा

भुईकोट, राग कसला, बरं झालं सांगितलंत. आमच्या गाइडने तोच घोळ घातला होता. अरबांचा खंदक नसला तरी जागा तीच, नाव तेच, एवढ्यावर समाधान मानतो.

---

शब्दवेडी

वा, माझ्या आवडीचा विषय!

मराठीत खंदक फारसीतून आला, किल्ल्यांच्या कारभारातले तोफ, बुरूज असे कितीतरी शब्द याच वाटेने आलेत. पण गंमत पुढे आहे. अरबीतला खंदक हा मुळात अरबी नाहीच, तो जुन्या फारसीतून अरबीत गेला, मूळ शब्द कन्दक म्हणजे खणलेलं, कन्दन म्हणजे खणणे. तिकडून अरबीत जाऊन ख लागला आणि तसाच फारसीत परत आला. आणि ते कन्दन आणि संस्कृत खन् हे एकाच कुळातले धातू. आपलं खणणे, खाण, खणती सगळं त्याच घरातलं. म्हणजे कान्दिया आणि खणणे हे दूरचे चुलतभाऊ झाले, एक स्पेनच्या लोकांबरोबर जहाजात बसून ग्रीसला गेला आणि एक इथे शेतात राहिला.

आता कोणीतरी येऊन सांगणारच म्हणून आधीच लिहून ठेवते, इंग्रजीतली कँडी कान्दियावरून आलेली NAHI असं मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतंय, देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत तर नाही. क्रीटमधे साखर साफ करायचे म्हणून कँडी, अशी गोष्ट नेटवर फिरत असते. कँडी आली संस्कृत खण्ड वरून, खण्ड म्हणजे तुकडा, मग साखरेचा खडा, आपली खांड, खडीसाखरेतला खडा. फारसीत त्याचं कंद झालं (कलाकंद मधला), अरबीत कंदी, मग इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी. अरबीत लिहिताना दोन्हींची पहिली अक्षरंच वेगळी आहेत, खंदक मधे घशातला ख आणि कंद मधे घशातला क. युरोपात गेल्यावर दोन्हींचा क झाला आणि जुळ्या बहिणी असल्यासारख्या दिसायला लागल्या.

---

अत्तारगल्ली

शब्दवेडी यांच्याशी सहमत, एक भर घालतो. आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट म्हणजे जंग-ए-खंदक, इ.स. ६२७, मदीना. तिथे शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणायचा सल्ला दिला सलमान फारसी यांनी, जे नावाप्रमाणेच इराणचे. अरबांना ही पद्धत नवीन होती अशी परंपरा सांगते. म्हणजे शब्दही इराणचा आणि युक्तीही इराणची. त्यानंतर जेमतेम २०० वर्षांनी तोच शब्द भूमध्य समुद्रात एका गावाचं नाव होऊन बसला हे मला माहीत नव्हतं. आज अब्बूंना फोनवर सांगितलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले परत एकदा सांग.

---

रानफूल

वाचतेय. क्रीट नाव किती जुनं याचं कोणी सांगेल का? आणि क्रीटवरचे प्राचीन, ज्यांना मिनोअन लोक म्हणतात ते, स्वतःला काय म्हणायचे?

---

हिंडफिरा

रानफूल, थोडं मी सांगतो, पुरातत्त्व हा माझा विषय आहे.

मिनोअन हे नाव त्यांचं नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी १९०० पासून इराक्लिओजवळच्या क्नोसोस या प्राचीन नगरीत खोदकाम केलं आणि दंतकथेतल्या राजा मिनोसवरून त्या संस्कृतीला हे नाव रूढ केलं. ते लोक जी लिपी लिहायचे, लीनियर ए, ती अजून वाचता आलेली नाही. त्यामुळे चार हजार वर्षांपूर्वी तिथला माणूस आपल्या बेटाला काय म्हणायचा हे त्याच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही, शेजाऱ्यांच्या तोंडून मिळतं. युफ्रेटिसच्या काठावर मारी नावाचं शहर होतं, तिथल्या इ.स.पू. १८व्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर कप्तारा नावाच्या ठिकाणाहून आलेल्या मौल्यवान वस्तूंची नोंद आहे. बायबलमधे कफ्तोर. इजिप्तमधे केफ्तिउ. थीब्जला रेखमिरे नावाच्या वजीराच्या थडग्यात भिंतीवर केफ्तिउची माणसं रंगवलीत, लांब कुरळ्या बटा, रंगीत कटिवस्त्र, हातात भांडी आणि सुरया, रांगेने नजराणे घेऊन चाललेली. बहुतेक अभ्यासक हे सगळं क्रीटच मानतात. भक्कम कारण असं की फेरो तिसरा आमेनहोतेप याच्या मंदिरात पुतळ्याच्या चौथऱ्यावर केफ्तिउच्या सोबत गावांची यादी कोरलेली आहे आणि त्यात क्नोसोस, अम्निसोस अशी क्रीटचीच गावं वाचता येतात.

क्रीट हा शब्द लीनियर बी मधे, म्हणजे ग्रीक भाषा लिहायच्या अगदी जुन्या लिपीत सापडतो. ती लिपी मायकल व्हेंट्रिस यांनी १९५२ मधे उलगडली, ते पेशाने आर्किटेक्ट होते. ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या पिलोसच्या राजवाड्यात सापडलेली एक पाटी आहे, भांड्यांची यादी, साधी कोठारातली मोजदाद. पुढे चित्र काढलंय तिवईसारख्या तीन पायांच्या भांड्याचं आणि शेजारी अक्षरं, ति-रि-पो, आणि त्याच ओळीत के-रे-सि-जो, म्हणजे क्रीटचं किंवा क्रीटच्या घडणीचं. इ.स.पू. १२०० च्या आसपासची पाटी. कोणा कारकुनाने ओल्या मातीवर काडीने लिहिलं, राजवाडा जळाला आणि त्या आगीत माती भाजून निघाली म्हणून ती उरली. या नावाची मिळते ती अगदी जुनी खूण ही, एका भांड्याच्या नोंदीत.

होमरमधे तर आहेच, इलियडमधे शंभर नगरांचं क्रीट आणि ओडिसीमधे नव्वद नगरांचं.

---

रानफूल

बापरे, किती सुंदर. धन्यवाद हिंडफिरा. यादीतलं भांडं डोळ्यासमोर आलं.

---

मुक्ताई

मला एक शंका आहे. व्हेनिसने साडेचारशे वर्षं कान्दिया म्हटलं, मग तुर्क आले, तरी आज परत क्रीटच कसं? कुणी ठरवून बदललं का, जसं सरकार गॅझेट काढून बदलतं तसं?

---

सागरगोटा

मुक्ताईताई, हाच तर मला या सगळ्यात भावलेला भाग आहे, आणि मी वाटच बघत होतो कोणी विचारायची. बेटाच्या बाबतीत परत बदलावं लागलंच नाही, कारण तिथल्या माणसांनी ते कधी सोडलंच नव्हतं. कान्दिया हे जहाजवाल्यांचं, व्यापाऱ्यांचं, नकाशावाल्यांचं, सरकारी कागदाचं नाव. ग्रीक बोलणारा शेतकरी, मेंढपाळ, पाद्री सगळे क्रीतीच म्हणत राहिले. (प्राचीन उच्चार क्रेटे सारखा होता, आता क्रीती.)

दोन पुरावे देतो. एल ग्रेको हा चित्रकार सगळ्यांना माहीत असेल, त्याचा जन्म १५४१ चा, याच शहरात, व्हेनिसच्या राज्यात. खरं नाव दोमेनिकोस थिओतोकोपुलोस. नंतर इटली आणि मग स्पेनमधे आयुष्य गेलं, तिथे लोक त्याला नुसतं ग्रीक म्हणायचे, पण हा बाबा चित्रांवर सही करायचा ग्रीक अक्षरांत आणि कित्येकदा पुढे जोडायचा क्रिस, म्हणजे क्रीटचा. व्हेनिसच्या कागदात त्याचं गाव कान्दिया, आणि त्याच्या कुंचल्यातून आलं क्रीट. स्पेनमधे ती अक्षरं वाचणारे असे कितीसे असतील? तरी लिहायचा.

दुसरा पुरावा शहराचा. साधारण त्याच काळातला कवी वित्सेंत्सोस कोर्नारोस, क्रीटच्या बोलीत एरोतोक्रितोस हे मोठं प्रेमकाव्य लिहिणारा. शेवटी तो आपली ओळख सांगतो की जन्म सितियाला झाला आणि लग्न कास्त्रोमधे. कास्त्रो म्हणजे किल्ला, म्हणजे हेच शहर. कान्दिया म्हणत नाही! गावकरी त्याला मेगालो कास्त्रो, मोठा किल्ला म्हणायचे आणि तुर्कांच्या काळातही म्हणत राहिले.

तुर्कांनी बेटाला म्हटलं गिरित, ते क्रीटच परत, तुर्की वळणाचं. शहराला कान्दिये. बंदरातल्या किल्ल्याला आज सगळे कूलेस म्हणतात, ते तुर्की कुले म्हणजे बुरूज, आणि दारावर दगडात कोरलेला सिंह मात्र व्हेनिसचा. तिकीट काढून आत गेलो तेव्हा हे माहीत असतं तर जास्त वेळ थांबलो असतो.

ठरवून बदललं ते शहराचं नाव. प्राचीन काळी क्नोसोसचं बंदर होतं हेराक्लिऑन, ते जुन्या ग्रंथातलं नाव १९व्या शतकात उचललं आणि १८९८ मधे बेट स्वायत्त झाल्यावर तेच रुळलं. १९१३ मधे क्रीट ग्रीसला जोडलं गेलं.

---

शब्दवेडी

सागरगोटा, म्हणूनच तुम्ही वर म्हणालात ना, अरब सुद्धा बेटाला इक्रितिश म्हणायचे. आता कळलं लक्षात ठेवा का म्हणालात. बेटाला खंदक म्हणणारे फक्त पश्चिमेकडचे व्यापारीच निघाले.

ग्रीक बेटांची नावं परक्या कानांनी कशी ऐकली याची दोन उदाहरणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. एव्हिया म्हणून मोठं बेट आहे अथेन्सच्या वर. बेट आणि मुख्य भूमी यात एक अरुंद सामुद्रधुनी, एव्रिपोस, तिथे पाण्याचा प्रवाह दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलतो. लोकांच्या तोंडी एव्रिपोसचं झालं एग्रिपोस. आता ग्रीकमधे 'एग्रिपोसला' म्हणताना आधी एक न येतो, इटालियन कानांना तो न नावातलाच वाटला, नेग्रिपो. मग त्यात त्यांना आपले शब्द ऐकू आले, नेग्रो म्हणजे काळा, पोंते म्हणजे पूल, आणि तिथे पूल खरंच होता. झालं नेग्रोपोंते, काळा पूल! आख्ख्या बेटाला. तुर्कांनी त्याचं केलं एग्रिबोझ.

आणि कोस बेट, हिपोक्रेटिसचं. 'कोसला' याचं ग्रीक इस तिन को, ऐकणाऱ्याने केलं स्तांको, तुर्कांनी इस्तांकोय, आणि कोय म्हणजे तुर्कीत खेडं, त्यामुळे कोणालाही वाटावं की हे कुठल्यातरी खेड्याचं नाव आहे. खलाशी विचारतो कुठे निघालात, तो म्हणतो कोसला, आणि खलाशी वहीत सगळंच लिहून घेतो.

---

प्रवासी_पक्षी

सँटोरिनीचं पण लिहा ना कोणीतरी, आम्ही डिसेंबरात बुकिंग करतोय.

---

हिंडफिरा

थोडक्यात लिहितो. हेरोडोटस सांगतो की ते आधी कल्लिस्ते होतं, म्हणजे सगळ्यात सुंदर, मग स्पार्टाहून आलेल्या थेरास याच्यावरून थेरा झालं. गोल या अर्थाचं स्त्रोंगिली असंही एक जुनं नाव परंपरेत आहे. सँटोरिनी म्हणजे संत इरिनी, इटालियन खलाशांनी तिच्या चर्चवरून म्हटलेलं. सरकारी नाव आजही थिरा, फेरीच्या तिकिटावर तेच दिसलं तर घाबरू नका. डिसेंबरात वारा फार असतो आणि फेऱ्या रद्द होतात, एक दिवस हातात ठेवा.

---

अत्तारगल्ली

क्रीटच्या नावाचं अजून एक टोक राहिलं. १९२३ मधे ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली, धर्म बघून. क्रीटच्या उरल्यासुरल्या मुसलमानांना तुर्कस्तानात पाठवलं. त्यातल्या कित्येकांना तुर्की येतच नव्हतं, घरात क्रीटची ग्रीक बोलायचे. त्यांना तिकडे आजही गिरितली म्हणतात, क्रीटवाले. एजियन किनाऱ्यावर त्यांची गावं आहेत, रानभाज्या आणि ऑलिव्ह तेलाचं जेवण त्यांची खूण. काही त्याच्याही आधी, १९व्या शतकाच्या शेवटी, सीरियाच्या किनाऱ्यावर अल-हमिदिया गावात वसले आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी क्रीटची ग्रीक शंभर वर्षांनंतरही होती.

आमच्या नात्यातली अर्धी माणसं १९४७ नंतर कराचीत आहेत, त्यातल्या एका चाचींना तिथे अजून कोकणवाली म्हणतात, म्हणून हे वाचताना घशात अडकलं.

---

सागरगोटा

अत्तारगल्ली, हे माझ्या वाचनात नव्हतं. चाचींचं लिहिलंत त्यावर काय लिहावं सुचत नाहीये. कोर्दोबाहून घालवलेल्यांनी नाव दिलं आणि शेवटी क्रीटहून घालवलेल्यांनी नाव बरोबर नेलं.

---

भुईकोट

एक राहिलं होतं. १६६९ मधे शहर सोडताना व्हेनिसवाल्यांनी तह असा केला की माणसं आणि सामान घेऊन जहाजांनी निघायचं. त्यांनी सरकारी दफ्तरही उचललं. कान्दियाच्या ड्यूकचं ते दफ्तर आज व्हेनिसच्या पुराभिलेखागारात आहे, शतकानुशतकांचे करार, मृत्युपत्रं, जमिनीचे वाद. क्रीटच्या इतिहासाच्या अभ्यासकांना आपल्या गावाचे कागद बघायला व्हेनिस गाठावं लागतं.

---

सागरगोटा

आणि इराक्लिओमधे त्यातलं एक नाव अजून रस्त्यावर आहे. सिंहांच्या चौकातून समुद्राकडे एक अरुंद गल्ली जाते, पुस्तकांची दुकानं, कॉफीची टेबलं रस्त्यावर मांडलेली. आम्ही तिथे दोनदा बसलो होतो. काल फोटो चाळताना निळ्या पाटीवर नजर गेली, मुलीच्या मागे अर्धीच आलीय. गल्लीचं नाव हान्दाकोस. खंदक गल्ली. मुलीला बोलावून दाखवली.